माझ्या फाटक्या आवाजाची गोष्ट

मित्रांनो, गिटारची वायर ज्याच्या पोटात खुपसतात आणि मग ज्याच्या डोक्यावर कॉफीचे कप, ओल्या टोप्या आणि कधीकधी मांजरही ठेवतात, तो जुना काळा खोका म्हणजे मी. मला अॅम्प म्हणतात. गिटारचा बारीक आवाज मोठा करणे हे माझे काम. हे काम मी मुकाट्याने, नीटनेटके करत राहिलो असतो, तर माझी कोणी दखलही घेतली नसती. माझे नाव झाले ते माझ्या एका खोडीमुळे.

माझा जन्म शिकागोच्या एका कारखान्यात झाला. तिथे लांबलचक टेबलांपाशी बायका ओळीने बसत आणि आमच्या तारा जोडत. जिने मला जोडले ती दिवसभर आपल्या नणंदेची गाऱ्हाणी सांगत होती, पण तिचा हात एकदाही चुकला नाही. माझ्या पोटात काचेचे व्हॉल्व्ह बसवले, समोर जाड कागदाचा गोल स्पीकर लावला आणि त्यावर चंदेरी धाग्यांचे कापड ताणले. माझा आवाज स्वच्छ होता. थोडा गोडच होता म्हणा ना!

न्यूयॉर्कमधल्या एका युक्रेनियन अकॉर्डियनवाल्याने मला मागवून घेतले. त्याच्यासोबत मी पुष्कळ लग्ने वाजवली. नवरीच्या आज्या माझ्यावर कोपर टेकून मनसोक्त रडत असत. पुढे माझा एक व्हॉल्व्ह गेला, तेव्हा त्याने मला ओसिपच्या दुकानात दुरुस्तीला टाकले आणि स्वतः मुलाकडे दुसऱ्या राज्यात राहायला गेला. तो मला न्यायला आलाच नाही. मी ओसिपचा झालो तो असा.

ओसिप रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचा. तोही युक्रेनियन, महायुद्ध संपल्यावर निर्वासितांच्या छावणीतून इथे आलेला. छावणीत त्याने मोडक्या वस्तूंवर इतकी वर्षे काढली होती, की मोडकी वस्तू दिसली की त्याला चैन पडत नसे. आपल्या घरातली वस्तू मोडकी असणे ही तर त्याला शरमेची गोष्ट वाटे. रविवारी तो चर्चच्या गायकवृंदात खर्जातला आवाज लावायचा. त्या गायकवृंदात साथीला वाद्य नसते, सगळी भिस्त माणसांच्या गळ्यावर. त्याची मुलगी स्तेफा तिथे वरच्या पट्टीत गात असे. स्तेफा लहान असतानाच तिची आई गेली होती. बापलेकींना एकमेकांशी फारसे बोलता यायचे नाही, पण गाताना त्यांचे छान जमायचे.

मग एका वर्षी, ईस्टरच्या ऐन तोंडावर, स्तेफाने गायकवृंद सोडला.

"का?" ओसिपने विचारले.

"तातो, तिथे सगळं आधीच ठरलेलं असतं. कुठे श्वास घ्यायचा तेसुद्धा." बापाला ती तातो म्हणायची.

"मग? श्वास काय वाटेल तिथे घेणार?"

"हो," स्तेफा म्हणाली.

त्या दिवसापासून घरात फक्त जेवायला ये, मीठ दे, दार लाव, एवढेच बोलणे उरले. मी दुकानाच्या काचेत बसून हे सगळे पाहत होतो आणि मला दोघांचाही राग येत होता.

ती एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची वर्षे होती. आमच्या वस्तीची रया गेली होती. घरमालक इमारती वाऱ्यावर सोडून पळाले होते. त्यामुळे भाडी उतरली होती आणि चित्रे काढणारी, कविता करणारी आणि काहीच न करणारी पोरे तिथे राहायला आली होती. त्यांच्याकडे धड वाद्ये नव्हती, आणि वाजवता येत होते असेही नाही. रेडिओवरची गुळगुळीत गाणी त्यांना आपली वाटत नव्हती. त्यांच्या कानांवर दिवसभर पडायचे ते कचऱ्याच्या गाड्यांचे, जमिनीखालच्या रेल्वेचे आणि थंडीत वाफेच्या नळांच्या ठोकाठोकीचे आवाज. त्यांनी तेच वाजवायला घेतले. कोणी गिटारच्या सहाही तारा एकाच सुरात लावल्या. कोणी तारांखाली ड्रमच्या काड्या अडकवल्या. गिटार अॅम्पच्या फार जवळ नेली की जी कर्कश शिट्टी सुरू होते आणि जी बंद करायला शहाणी माणसे धावतात, ती शिट्टी यांनी मुद्दाम घुमू दिली. पुढे लोकांनी या संगीताला नॉइज रॉक असे नाव दिले. आम्ही त्याला काहीच म्हणत नव्हतो. शेजारी मात्र बरेच काही म्हणत.

स्तेफा या पोरांत रमली. तिने एक जुनी गिटार मिळवली आणि बापाकडे सरावाला तळघर मागितले. ओसिप म्हणाला, "त्या काचेतल्या खोक्याला कोणी विचारत नाही. तोही ने." त्याच्या परीने तो रुसवा काढायचा प्रयत्न होता, पण स्तेफाला ते कळले नाही. तिने नुसती मान हलवली.

मला खाली नेताना तिच्यासोबत माविस होती. माविस ड्रम वाजवायची. दिवसा ती लॉन्ड्रीत काम करायची आणि तिथल्या बाद झालेल्या यंत्रातला एक पत्र्याचा ड्रमही तिने वाजवायला आणला होता. दोघींनी मला उचलले आणि तळघराच्या जिन्यावर माझी मूठ तुटली. मी गडगडत खाली गेलो. कठड्याचा लोखंडी गोळा माझ्या कापडातून आत घुसला आणि माझा स्पीकर टरकन फाटला.

"आटोपलं! याचा तर बाजाच वाजला," माविस म्हणाली. "आता बापाला काय सांगणार?"

"काही नाही सांगणार."

स्तेफाने तरीही वायर लावून पाहिली. मी तोंड उघडले तर घशातून भलतेच काही बाहेर पडले. खालचे सूर गुरगुरत होते. तिने गिटार माझ्याकडे वळवली, तेव्हा फाटलेला कागद थरथरला आणि एकाच वेळी दोन आवाज निघाले, एक चहाच्या किटलीसारखा वरचा आणि एक जमिनीतून आल्यासारखा. मला लाज वाटली. मी लग्नांतला खोका, माझी ही काय दशा!

पण स्तेफाचा चेहरा उजळला होता. "माविस, ऐक! मी इकडे सरकले की तो वर जातो. इकडे आले की खाली. हा माझ्याबरोबर गातोय!"

तेव्हापासून आमची जोडी जमली. ती माझ्यासमोर पावले टाकत सूर शोधायची आणि मी तिच्या मागोमाग जायचो. तिने गाणी रचली ती माझ्या फाटलेल्या कागदावर. शेजारच्या तळघरातली एक म्हातारी भिंतीवर झाडू आपटायची. माविसचे म्हणणे, बाई ताल सोडत नाही. म्हणून बँडचे नाव पडले 'भिंतीपलीकडची बाई'.

आमचे कार्यक्रम पडक्या गोदामांत आणि बंद पडलेल्या दुकानांत होत. ऐकायला मूठभर माणसे येत, त्यातली काही थंडी चुकवायला आलेली असत. छापखान्यात काम करणारा एक माणूस मात्र कधी चुकला नाही. तो अगदी माझ्यापुढे डोळे मिटून उभा राहायचा. माविसने एकदा त्याला छेडले, "काका, झोपायला घरी जागा नाही का?"

तो हसला. "बाई गं, दिवसभर ती यंत्रं माझ्या डोक्यात घुसतात. इथे तुम्ही वाजवता तेव्हा ती बाहेर पडतात. घरी जाताना डोकं कसं रिकामं असतं."

मित्रांनो, लोक मला नेहमी विचारतात, या कल्लोळात काय ठेवले आहे? मला त्या माणसाचा चेहरा आठवतो. आवाज इतका मोठा होतो की त्यात आपले रोजचे काहीच ऐकू येत नाही, आणि मग आत फार शांत वाटते. मी स्वतः त्या आवाजाच्या मधोमध असायचो, आणि इतका शांत मी लग्नांतही नव्हतो.

ओसिप आमच्या कार्यक्रमाला कधी आला नाही. वर दुकानात बसून त्याला आमचा सराव ऐकू यायचा. त्याच्या कानांना एवढेच कळले होते की खाली कुठला तरी स्पीकर फाटला आहे. त्यावरून त्याने मनाशी जी समजूत करून घेतली, ती अशी: माझी मुलगी फाटक्या स्पीकरवर वाजवते आहे, कारण आमच्या भांडणामुळे तिला माझ्याकडे दुरुस्ती मागायचा संकोच वाटतो.

अशातच बँडला आपल्या गाण्यांची तबकडी काढायची संधी आली. ग्लेन नावाच्या एका माणसाचा छोटा स्टुडिओ होता. त्याने यांना एक शनिवार देऊ केला. त्यानंतर दोन दिवसांनी तो सगळे सामान गाडीत घालून कायमचा दुसऱ्या गावी जाणार होता, म्हणून तोच दिवस, दुसरा नाही. स्तेफा हरखून गेली. जेवताना न राहवून तिने बापाला सांगितले. ओसिप फक्त "बरं" म्हणाला.

शुक्रवारी दुपारी स्तेफा बाहेर गेली होती. ओसिप तळघरात उतरला, मला छातीशी धरून वर घेऊन गेला आणि त्याने मला आपल्या टेबलावर ठेवले.

"माझ्या पोरीने फाटक्या स्पीकरवर वाजवायचं," तो मला म्हणाला, "आणि मी वर बसून लोकांचे टीव्ही दुरुस्त करायचे? शोभतं का हे?"

टेबलाखालून त्याने एक खोके काढले. त्यात एक कोराकरकरीत स्पीकर होता. कधी तरी खास कामाला लागेल म्हणून त्याने तो वर्षानुवर्षे जपून ठेवला होता. त्याने माझा फाटका स्पीकर काढला. व्हॉल्व्ह बदलले. सैल तारा नव्याने सोल्डर केल्या आणि कोपऱ्याकोपऱ्यांत सुबक वळवून बसवल्या. नवी मूठसुद्धा लावली. काम करताना तो खर्जात गुणगुणत होता. शेवटी त्याने माझे कापड ओल्या फडक्याने पुसले, मला परत खाली नेऊन होतो तिथे ठेवले आणि तो कोणाला काही बोलला नाही. तिला उद्या अचानक कळावे, असे त्याच्या मनात होते.

खोटे कशाला बोलू, मला फार बरे वाटले. कितीतरी दिवसांनी अंगातली ठणक थांबली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या घाईत माझ्या नव्या मुठीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. स्टुडिओत स्तेफाने वायर लावली, मला चालू केले आणि पहिला सूर छेडला. मी स्वच्छ आवाजात गायलो.

माविसच्या हातातली काडी तशीच राहिली. "हे काय? याला कोणी साबणाने धुतलं की काय?"

स्तेफाने गिटार माझ्याकडे वळवली. ती डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली, अगदी जवळ आली. मी गोड गुणगुणत राहिलो, दुसरे मला येतच नव्हते. तिने मला फिरवले आणि मागून आत डोकावून पाहिले. तारांची ती सुबक वळणे पाहताच ती तिथेच खाली बसली.

"तातोचं काम आहे हे."

ग्लेन म्हणाला, "एवढंच ना? स्क्रूड्रायव्हर आण, एक भोक पाडून टाकतो. काम खलास."

"हात लावू नकोस!" स्तेफा ओरडली. "हा स्पीकर त्याने किती वर्षं जपून ठेवला होता, माहीत आहे? कोणाला दिला नाही. आणि मला दिला." तिचे डोळे भरून आले. "हा मी फाडला, तर तो परत माझ्याशी बोलायचा नाही. आणि नाही फाडला, तर आपलं एकही गाणं होत नाही."

माविस तिच्या शेजारी बसली. "मग त्याला सांग."

"काय सांगू? की बाबा, मला फाटकंच हवं होतं?"

एवढ्यात दार वाजले आणि ओसिप आत आला. चर्चला जायचा रविवारचा कोट, रविवारची टोपी, हातात कापडात गुंडाळलेले भांडे. पोरी दिवसभर काम करणार म्हणून त्याने बटाटा भरलेल्या करंज्यांसारखे वारेनिकी उकडून, वर परतलेला कांदा घालून आणले होते. त्याचा चेहरा लपवलेल्या आनंदाने फुलला होता.

"मग? कसा वाजतोय?"

माविसने छताकडे पाहिले. स्तेफा म्हणाली, "छान वाजतोय, तातो."

"वाजवा की मग. ऐकतो."

तो खुर्चीत बसला आणि त्याने टोपी मांडीवर ठेवली. दोघींनी वाजवले. मित्रांनो, त्या वाजवण्यात काही जीव नव्हता. स्तेफा पावले टाकत होती, पण तिच्या मागून यायला मी नव्हतो. गाणे अर्ध्यावर असताना ओसिपने हात वर केला.

"खोटं बोलतेस तू."

"नाही, तातो..."

"चर्चमध्ये सूर बसला नाही की तू अशीच बुटांकडे बघत गायचीस. मी तुझ्यामागेच उभा असायचो, विसरलीस? आणि तळघरात जे वाजतं ते हे नाही. ते मला आवडत नाही, पण ते जिवंत असतं. हे मेलेलं आहे." त्याने माझ्याकडे बोट केले. "मी काय बिघडवलं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. स्तेफाने सगळे सांगितले. जिना, कठडा, तो पहिला आवाज, त्यावर रचलेली गाणी. ओसिप ऐकत राहिला.

"म्हणजे ते फाटलेलं हवं होतं?"

"हो."

"मला सांगायचा संकोच वाटत होता, असं नाही?"

"नाही तातो. मला ते आवडत होतं. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही."

ओसिप माझ्याकडे वळला. एका दिवसापूर्वी ज्या चंदेरी कापडावरून त्याने फडके फिरवले होते, त्यावर त्याची नजर खिळली होती. मग तो उठला, त्याने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बाह्या वर केल्या. खिशातून चाकू काढून त्याने पाते उघडले.

"तो आवाज कसा होता ते म्हणून दाखव."

"म्हणून?"

"मला वाजवून कळणार नाही. मला गाण्यातलं कळतं. गा."

स्तेफा उभी राहिली. गायकवृंद सोडल्यापासून बापासमोर ती एकदाही गायली नव्हती. तिने वाटेल तिथे श्वास घेतला आणि माझा आवाज गळ्यातून काढला. आधी ते खालचे गुरगुरणे, मग त्यावर चढणारी किटली. ते काही सुंदर नव्हते, पण त्यात तिचा सगळा जीव होता. ओसिपने डोळे मिटून ऐकले. मग गुडघे टेकून त्याने माझे कापड सोडवले आणि नव्या कागदात चाकूचे टोक खुपसले. जन्मात त्याने चांगली वस्तू फाडली नव्हती.

"असं?"

माविसने गिटारची तार छेडली. मी थोडासा खरखरलो. स्तेफाने मान हलवली. "अजून थोडं." मग तेच युक्रेनियनमध्ये म्हणाली, "श्चे त्रोश्की."

त्याने आणखी फाडले. "असं?"

ती पुन्हा गायली. "श्चे त्रोश्की, तातो."

तो फाडायचा, ती गायची. हळूहळू तोही तिच्याबरोबर गाऊ लागला. गुरगुरणे त्याने आपल्या खर्जात घेतले आणि वरचा आवाज तिच्यासाठी सोडला. माविस तार छेडता छेडता रडत होती. मला दुखत होते का, हे कोणी विचारले नाही, आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. शेवटी चाकू एका ठिकाणी थांबला, तार वाजली आणि मी दोन आवाजांत बोललो. ते माझे जुने आवाज नव्हते. वरचा थोडा भरडा झाला होता, खालचा जास्त खोल गेला होता.

"तसाच नाही झाला," ओसिप चाचरत म्हणाला.

"नाही," स्तेफा म्हणाली. "पण हा आपला दोघांचा आहे."

त्या दिवशी सगळी गाणी झाली. वारेनिकी गार झाले होते, तरी भांडे चाटूनपुसून संपले. ग्लेनने घुम्यासारखा एक उद्योग करून ठेवला होता. त्याने यंत्र बंदच केले नव्हते. चाकू, गाणे, "असं?" आणि "श्चे त्रोश्की" हे सगळे फितीवर आले होते. स्तेफाने ते तसेच तबकडीच्या सुरुवातीला ठेवले.

ती तबकडी फार थोड्या लोकांनी घेतली, पण ज्यांनी घेतली त्यांतल्या बऱ्याच जणांनी बँड काढले. मिनेसोटातल्या गारठलेल्या गावांतल्या पोरांनी काढले, जपानमधल्या ओसाकातल्या पोरांनी काढले. आपली धड चाललेली वाद्ये त्यांनी हौसेने बिघडवली. कोणा कंपनीने माझ्यासारखा आवाज काढणारी छोटी डबीसुद्धा बाजारात आणली. ती ऐकून मला हसू आले. मध्ये बरीच वर्षे आम्हाला कोणी विचारले नाही आणि मी तळघरात धूळ खात पडलो. मग या नव्या पोरांनी आम्हाला शोधून काढले. त्यांची डोकीही दिवसभर कशाकशाने भरलेली असतात, आणि तीही माझ्यापुढे डोळे मिटून उभी राहतात.

ओसिप त्यानंतर आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला आला. कोट घालून, कानांत कापसाचे बोळे घालून पहिल्या रांगेत उभा राहायचा. तो गेला तेव्हा स्तेफा चर्चमध्ये गायली.

मित्रांनो, वस्तू जपाव्यात. धूळ पुसावी, तुटलेली मूठ बसवावी, आम्हाला ओलीत टाकू नये. पण जिथे कोणाचा जीव गुंतलेला असतो, तिथे हत्यार उचलण्याआधी त्याला एकदा विचारत जा. आणि तुम्हाला कोणी विचारले, तर लाजू नका, सांगून टाका. माझी एवढीच विनंती आहे.

आता स्तेफाचे केस पांढरे झाले आहेत आणि तिला ऐकूही कमी येते. महिन्याभरापूर्वी आम्ही ओसाकात वाजवले. ती मला वायर लावत होती, तेवढ्यात समोरची पोरे तबकडीवरून पाठ केलेले शब्द एकसुरात ओरडू लागली, "श्चे त्रोश्की! श्चे त्रोश्की!" अर्थ त्यांच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हता. स्तेफाला ते नीट ऐकू आले नाही, पण त्यांच्या ओठांवरून कळले. ती खाली वाकली आणि माझ्या फाटलेल्या कागदापाशी तोंड आणून, फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "पुरे, तातो. आता बरोबर झालं."